आधी संडास दाखवा

माझ्या आयुष्यातलं पहिलं घर बापूंनी नापसंत केलं ते त्या घराच्या संडासात बसून.

मालक चहाचा कप धरून उभा, मी सोफ्याच्या कडेवर दाखवायच्या मुलीसारखी टेकलेली, आणि आतून बापूंचा आवाज आला, "मास्तरीन, चाल. हाई घर नई लेवानं." मालकाच्या बशीत चहा सांडला. कडी वाजली. बापू बाहेर आले, हातात स्वतःचा पितळी लोटा. मालकाकडे बघून एवढंच म्हणाले, "पानी जास, पन परत येस." मी शरमेनं अर्धी झाले. बापूंनी मात्र चहा संपवला, बशीतला सुद्धा. चहा टाकून उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शहाद्यात घर विकायला काढलं की माणसं रंग लावायची, गळका नळ बदलायची, आणि बापू येणार असं कळलं की संडास घासायला बसायची. मागे सगळे त्यांना 'लोटावाला' म्हणत. हा माणूस तीस वर्षं वीजखात्यात मीटर रीडर होता. गावातलं असं दार नाही, ज्याच्या आत त्यांचं डोकं गेलं नाही. कोणाच्या घरात पंखा नाही पण कूलर दोन आहेत, कोणाचा मुलगा शिकतोय म्हणून सांगतात पण मीटर वाचनाच्या नव्हे टीव्हीच्या गतीनं पळतंय, हे त्यांना तोंडपाठ. "मानूस खोटं बोलस, मीटर नई बोलस," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त झाल्यावर मीटर सुटलं, पण दुसऱ्याच्या घरात घुसायची सवय सुटेना. मग ज्याला घर घ्यायचं असेल तो बापूंना सोबत न्यायला लागला. दलाली एक छदाम घ्यायचे नाहीत. फक्त शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तीही घेणाऱ्याच्या हातची. हॉटेलातली आणली तर दुसऱ्या दिवशी फोन उचलत नसत.

लोट्याचं काम तीन प्रकारचं. गच्चीवर ओतायचा आणि पाणी कुठे पळतं ते बघायचं. घरात फरशीवर ठेवायचा आणि पाण्याच्या काठावरून उतार जोखायचा. आणि तिसरं काम तुम्हाला आलंच लक्षात. घरात पाऊल टाकल्या टाकल्या बापूंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी संडास दखाडा." मालक हॉल दाखवायला निघालेला असायचा, त्याची बायको किचनचा ओटा पुसत असायची, आणि हा म्हातारा लोटा घेऊन सरळ मागे. आत दहा-दहा मिनिटं. बाहेर आले की शेजारच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई शोधायचे, तिच्याकडे ताक मागायचे, आणि विचारायचे, "माय, त्या संडासना जागावर पहिले काय व्हतं?" मला वाटायचं, आहे एकेकाला खूळ. कोणाला नाणी जमवायचं असतं, याला हे.

आता माझं सांगते. मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि राहते शहाद्याला. रोज घाट चढते, रोज उतरते. बारा वर्षं झाली, जीपमध्ये मधल्या सीटवर बसायला मिळालं तर तो दिवस मी सणाचा धरते. लग्न केलं होतं. सहा महिन्यांत परत आले. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. परत आले तेव्हा वडिलांच्या घरात भावांनी माझी खोली मिरच्या वाळवायला घेतली होती. कोणी जा म्हणालं नाही, पण मिरच्याही कोणी उचलल्या नाहीत. तेव्हाच ठरवलं, एक घर घ्यायचं. आपल्या नावावर. स्वतः राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. म्हणजे म्हातारपणी नोकरी संपली तरी कोणाच्या दारात उभं राहायला नको. बारा वर्षांत जे साठलं ते एकदाच खर्च होणार होतं. फसलं तर दुसऱ्यांदा साठवायला मला आणखी बारा वर्षं घाट चढायला लागला असता, आणि माझ्या गुडघ्यांनी आधीच नोटीस दिली होती.

बापू माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. आम्ही दोघं एकाच मालकाचे भाडेकरू. ज्याला अख्खं गाव घर बघायला नेतं तो स्वतः भाड्याच्या खोलीत कसा, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "हलवाई सोताना पेढा खास का?" मी म्हटलं, खातो की, चोरून खातो. त्यावर बापू हसले नाहीत. त्यांनी विषय शेवभाजीकडे वळवला.

शाळेत आमचे एक तरुण सर होते, त्यांना मोबाईलवरच्या गुंतवणूक-गुरूंचा भारी नाद. बसल्या जागी उत्पन्न, पस्तिशीत निवृत्ती, पाच घरांतून पंचवीस घरं. मीही बघायला लागले. एका संध्याकाळी मोठ्या हौसेनं मी त्यातला एक व्हिडिओ बापूंना दाखवला. गुरू कोट घालून हातवारे करत होता. बापूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मोबाईल नाकाला लावला, आणि म्हणाले, "देख. हाऊ बोली ऱ्हायना, पन त्याना मांगे भिंतले ओल शे. ज्याले सोतानी भिंत दिखत नई, तो तुले काय घर दखाडी?" मी नीट पाहिलं. खरंच, गुरूच्या डाव्या कानामागे पोपडा आला होता. त्या दिवसापासून मला त्या माणसाचा एक शब्द ऐकू येईना. नुसता पोपडा दिसायचा.

बापूंचं शिकवणं हे असं. घर दुपारी दोनला बघायचं, तेही वैशाखात. "सकायले न्हाईधोईसन धल्ली बी नवरी दिखस," म्हणायचे. धल्ली म्हणजे म्हातारी. दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी उभं करायचे मला. मी नाचायला लागले की विचारायचे, "भाडेकरू खाले ऱ्हाई, तो बी आसाच नाचना तर भाडं कोन दी?" भाडेकरू कोण ठेवावा याचंही त्यांचं शास्त्र होतं. गावातले घरमालक डोंगरावरच्या माणसाला खोली द्यायला खळखळ करतात. आधी 'कुठले?' विचारतात, मग खोली अचानक भरलेली निघते. बापू उलटे. "डोंगरवरनाच लेवाना. ज्यानी घाटनी जीपमा एक पायवर उभं ऱ्हाईसन गाव गाठं, तो नळ गळस म्हनीसन फोन नई करस. सोता चिंधी बांधस."

एकदा मी त्यांच्या अपरोक्ष एक प्लॉट जवळजवळ घेतलाच होता. गावाबाहेर, कमान लावलेली, कमानीवर इंग्रजी नाव, आत चुन्याच्या रेघा आणि दोन अशोकाची रोपं. दर इतका कमी की मला वाटलं, बारा वर्षांत पहिल्यांदा देवानं माझ्याकडे बघितलं. विसार द्यायच्या आदल्या दिवशी बापूंना कळलं. मला रिक्षात घातलं आणि कमानीखाली नेऊन उभं केलं. तिथे संडास नव्हता, त्यामुळे जरा चुळबुळले. मग शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाक मारून विचारलं, ही जमीन कोणाची. म्हाताऱ्यानं काठी छातीला टेकवली. "माझ्या आज्याची. मी विकली नाही. कोणी विकली असं तुम्ही सांगता?"

आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. मुलांना शिकवलंही असेल. पण कमान बघितली आणि अक्कल गहाण पडली. त्या म्हाताऱ्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. मी रिक्षात तोंड फिरवून बसले. बापू वाटेत एकच वाक्य बोलले, "ज्या जमीनवर संडास नई तठे मानूसले इचारानं." त्यांनी मला वाचवलं, आणि म्हणून पुढचा महिनाभर मी त्यांच्यावर चिडून होते. आपल्याला मूर्खपणा करताना बघितलेल्या माणसाचा राग येतोच.

बरं, हे नको ते नको करत म्हाताऱ्यानं माझी सतरा घरं मोडली. सतरा! कुठे पाणी परत येतं, कुठे भिंत पोकळ वाजते. पण काही घरं तर चांगली खणखणीत होती. त्यांच्या संडासातून बाहेर यायचे, शेजारणीकडे ताक प्यायचे, आणि तोंड पाडून म्हणायचे, "नई." कारण विचारलं तर, "नई म्हंजे नई." अकराव्या घरापासून मला शंका यायला लागली की यांना मुळी मला घर घेऊच द्यायचं नाही. शेवभाजी बंद होईल ना! सतराव्या घराच्या दारात मी त्यांना तोंडावर सुनावलं, "बापू, तुम्हाला घर बघायचंच नसतं. तुम्हाला फुकट जायला ठिकाण हवं असतं." ते लोटा काखेत मारून पुढे चालायला लागले. आठ दिवसांनी सकाळी माझं दार वाजवलं. "अठरावं देख. मंग मन्हं तोंड नको देखू."

अठरावं घर जुन्या शिंपी गल्लीत होतं. तीन भाऊ, तिघेही सुरतेला, म्हातारी आईही त्यांच्याकडेच. बंद घर. तीन खोल्या, शहाबादी फरशी, वर मजबूत गच्ची, आणि संडास मागच्या अंगणात, घरापासून वेगळा, एकटा. बापू आत गेले, आणि काय सांगू, दोन मिनिटांत बाहेर आले. शेजारणीकडे ताकही मागितलं नाही. मधल्या खोलीत गेले, आतल्या कोपऱ्यात लोटा ठेवला, खाली वाकून पाणी निरखलं. "सपाट शे," म्हणाले. त्यांचा आवाज जरा हलला असं मला वाटलं, पण मी किमतीच्या विचारात होते. किंमत आजूबाजूच्या मानानं बरीच कमी होती. एवढी स्वस्त का, विचारलं तर म्हणाले, "सांगसू मंग. कागद वकील देखी, घर मी देखं. तू सही कर."

केली सही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यात बघायला सांगतात, अंगठा ठेवायला सांगतात. माझा फोटो रडका आला. बारा वर्षांची सगळी जीप, सगळा घाट, सगळ्या मिरच्या एकदम डोळ्यांत आल्या. कारकून म्हणाला, "मॅडम, हसा की, घर घेताय." पुढे उताऱ्यावर माझं नाव लागलं तेव्हा मी तो कागद आठवडाभर उशाखाली घेऊन झोपले. हसायचं तर हसा.

भाडेकरू बापूंच्या शास्त्राप्रमाणे आणली. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, डोंगरातल्या काठी गावाकडची, सोबत तिची आई आणि शाळेत जाणारी मुलगी. घरात पावरी बोलायच्या, माझ्याशी मराठी. भाडं पाच तारखेला हजर. नळ एकदाही गळला नाही, किंवा गळला असेल तर चिंधी बांधली असेल. एकदाच काय ते झालं. सिस्टरला मधल्या खोलीच्या त्या कोपऱ्यात फ्रीज ठेवायचा होता. बापू नेमके तिथे होते. असे ओरडले की तिची मुलगी दचकून आजीमागे लपली. "तठे काईच ठेवानं नई! तठे ओल शे!" अख्ख्या घरात तो एकच कोपरा ठणठणीत कोरडा होता. पण ओलीच्या बाबतीत बापूंशी वाद घालायचा नाही, एवढं मी शिकले होते. फ्रीज दाराजवळ गेला.

पुढच्या श्रावणात, शनिवारी दुपारी, शाळा सुटून जीपमध्ये बसते तोच सिस्टरचा फोन. "मॅडम, घरात लोकं आलीत."

"किती?"

"तीस-चाळीस. चौरंग आणलाय. घर धुवायला लागलेत."

घाट उतरेपर्यंत माझं रक्त घाटापेक्षा जास्त वळणं घेत होतं. घर हातचं जाणार, निदान भाडेकरू तरी जाणार, असंच डोक्यात. धावत पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत बायका भिंतींना चुना लावतायत, आणि मधल्या खोलीत त्या कोपऱ्यासमोर एक सुकलेली, ताठ म्हातारी बसलेली. सगळे तिला जिजी म्हणत होते. घर विकणाऱ्या तिघा भावांची आई. मला बघून म्हणाली, "घरवाली उनी का? ये वं माय, बठ. चहा ले."

माझ्याच घरात मला चहा!

"तुम्ही इथे काय करताय?" मी विचारलं.

"कानबाई बसाडाले उनूत," जिजी म्हणाली, जसं काही मी रोज हेच विचारते.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात आमच्याकडे घराघरांत कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून देवी करतात, चौरंगावर बसवतात, सोमवारी नदीत बोळवतात. कुठे सुरत, कुठे पुणे, भाऊबंद असतील तिथून मूळ घरी येतात, कारण देवीचा कोपरा ठरलेला असतो. शनिवारी गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. त्याच पिठाच्या पुरणपोळ्या होतात, त्याला रोट म्हणतात. तो फक्त घरच्यांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही. लेकीची मूठ माहेरी नसते, आणि सासरच्या मुठीतून मी स्वतःच बाहेर पडले होते. म्हणून श्रावणातल्या त्या शनिवारी-रविवारी मी मुद्दाम काही ना काही काम काढून गावात फिरत असते. कुठल्या घरातून पुरणाचा वास आला की मला पहिल्यांदा भूक लागते आणि मग राग येतो.

"पण घर तुम्ही विकलंय," मी जिजीला म्हटलं.

"घर इकं. कोपरा नई इका. त्या लोटावालानी फोनवर शबद दिधा व्हता, वरीसमा तीन दिन हाऊ कोपरा आमना. म्हनीसन तर सस्तामा दिधं." आणि मग माझं तोंड बघून तिनं विचारलं, "त्यानी तुले सांगं नई का?"

सिस्टर दारात उभी होती. मी तिची माफी मागायला वळले तर ती म्हणाली, "मॅडम, आमच्या काठीच्या होळीला किती माणसं येतात माहितीये? ही तर चाळीसच आहेत." तिची आई केव्हाच अंगणात बसून त्या लोकांची पितळी भांडी चिंचेनं घासत होती. एक शब्द मराठी येत नव्हता, पण जिजीच्या सुनेला हातानं खुणावून सांगत होती की, तुझं घासणं काही खरं नाही.

म्हणजे भाडेकरू शाबूत होती. मग माझा राग मोकळा झाला आणि सरळ बापूंच्या खोलीवर जाऊन आदळला. ते खाटेवर बसून लोटा राखेनं घासत होते. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं तर मुळीच नाही. फसवणूक, विश्वासघात, म्हातारचळ, सगळं झालं. शेवटी म्हटलं, "आयुष्यात एक गोष्ट माझी एकटीची घेतली होती. तिच्यातही तुम्ही चाळीस माणसं घातलीत!"

बापू घासत राहिले. मग म्हणाले, "सांगं असतं तर तू घर लेती का?"

"नसतं घेतलं!"

"म्हनीसन नई सांगं."

आणि मग, लोट्याकडेच बघत, त्यांनी ते सांगितलं. "मी बापनं घर इकं. ब्राह्मणपुरी गावनं. बाप मरना, सहा महिनामा इकं. रोकडा भेटना, शहादामा दोन प्लॉट लिधात. सारा गाव म्हने, बापू हुशार. कोपरानं कोनी इचारं नई, मी बी सांगं नई. ज्यानी लिधं त्यानी त्याच कोपरामा संडास बांधा." लोट्याला आणखी राख लावली. "भाऊबंदनी मन्ही मूठ काढी टाकी. तव्हयपासून कोनं बी घर देखाले गऊ, पहिले संडास देखस. कोना कोपरावर बांधेल शे ते."

मला बसायला जागा नव्हती, तरी मी बसले. जमिनीवर. ती सगळी खणखणीत घरं आठवली, शेजारणींचं ताक आठवलं. सतराव्या दारात मी काय बोलले होते तेही आठवलं. त्यांच्या प्लॉटांचं पुढे काय झालं, विचारलं. ते म्हणाले, विकले केव्हाच. नफा झाला, भरपूर झाला. "घर लेवानी हिंमत नई व्हयनी." मला इतकं वाईट वाटलं की मी पुन्हा ओरडले, यावेळी नुसतंच, शब्दांशिवाय. बापू म्हणाले, "घसा बसी, सोमवारले शाळा शे."

मी परत घरी आले तेव्हा जिजी गहू मोजायला बसली होती. सुपात मुठी पडत होत्या. "मोठानी सव्वा मूठ. मझारलानी. धाकलानी." मग नातवांची नावं. मी दाराशी उभी. संपलं तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आनि हाई घरवालीनी," आणि सव्वा मूठ टाकली.

थोरला मुलगा म्हणाला, "जिजी, ती आपली नई."

"घर कोनं शे? ज्यानं घर त्यानी मूठ. तुम्हनं आठे काय शे? दारमा काढेल चपला, तेवढंच." आणि सूप झटकलं.

माझ्या नावाची मूठ. भावांच्या घरात जे चौतीस वर्षांत झालं नव्हतं ते एका अनोळखी शिंपिणीनं सुपावर बसल्या बसल्या करून टाकलं. आणि माणूस हावरट असतो. मी लगेच म्हटलं, "जिजी, आणखी एक. बापूंची."

जिजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्यानं ना घर, ना रगत."

"शब्द तर त्यांचाच होता. तो नसता तर मी इथे फ्रीज ठेवला असता."

तिनं विचार केला. मग एक मूठ घेतली, टाकली, आणि हात झटकला. "शबदनी एक मूठ. पाव मूठ रगतनी ऱ्हास, ती नई देवानी."

सोमवारी कानबाईला नदीवर बोळवून आल्यावर मी बापूंसाठी पोळी घेऊन गेले. वर तुपाची धार. बापूंनी ताट मांडीवर घेतलं आणि बराच वेळ हात लावला नाही. रोट खाऊन एकतीस वर्षं झाली होती म्हणे. मग खायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण ते रडत होते आणि मीटर रीडर रडताना बघण्याची मला सवय नव्हती. संपलं. बोटं चाटली. डोळे पुसले. आणि विचारलं, "कितली मोजी?"

"सव्वा," मी म्हटलं.

"खोटं नको बोलू, मास्तरीन. पाव मूठ कमी शे."

अजून मला कळलेलं नाही त्यांना ते कसं समजलं. दुसऱ्या वर्षी मी जिजीला हे सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, पण एकच मूठ टाकली. बापूंनी खाल्ली, आणि पुन्हा तेच. "पाव मूठ कमी शे." दोघंही एकमेकांना कधी भेटले नाहीत. भांडण माझ्यामार्फत.

या माघात बापू गेले. खोली रिकामी करताना भाऊबंदांपैकी कोणी आलं नाही. घरमालक म्हणाला, भंगारात द्या सगळं. मी लोटा तेवढा घेतला.

श्रावणात जिजी आली, आता काठी टेकत. लोटा मी त्या कोपऱ्यात पाणी भरून ठेवला होता. तिनं तो पाहिला. सूप घेतलं. थोरल्याची, मधल्याची, धाकल्याची. नातवांची. माझी. आता ती थांबणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी उठून चहाचं बघायला निघाले.

"बठ," जिजी म्हणाली.

तिनं चार बोटांच्या चिमटीत थोडे गहू उचलले. मूठ नव्हती ती. पाव होती. सुपात सोडली.

"पाव मूठ, त्या लोटावालानी."

थोरला काही बोलायला गेला, पण तिनं काठीकडे हात नेला तसा गप्प झाला. मी तिथेच ढसाढसा रडले, सगळ्या चाळिसांसमोर. सिस्टरच्या आईनं मला जवळ घेतलं आणि पावरीत काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं.

त्या पिठाची पोळी तळहाताएवढीच झाली. जिजीनं ती लोट्याच्या तोंडावर ठेवली, झाकणासारखी, आणि खाली वाकून पाण्याचा काठ निरखला, अगदी बापू बघायचे तसा.

"आते तरी गप ऱ्हाई का तो?" तिनं मला विचारलं.

"नाही राहायचे, जिजी," मी म्हटलं. "तूप कमी आहे म्हणतील."